सवाष्णीचं पान

माझी बायको गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली. मी मागे राहिलो. खरं तर उलटं व्हायला पाहिजे होतं. मी तिच्यापेक्षा वयानं बराच मोठा, त्यात जन्मभर मार्केट यार्डात पोती वाहिलेली. पण ती पुढे गेली. अहेव गेली, हिरव्या चुड्यानं गेली, भाग्याची होती, असं बायका म्हणाल्या. भाग्य नेमकं कुणाचं ते मी विचारलं नाही.

नवरा जिवंत असताना ज्या बाया जातात, त्यांच्यासाठी पितृपक्षातली नवमी असते. अविधवा नवमी म्हणतात. त्या दिवशी एका सवाष्ण बाईला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पान वाढायचं, ओटी भरायची. ती जेवली की गेलेली जेवली. ती जेवेपर्यंत घरातल्या कुणी तोंडात घास घालायचा नाही. मी चौथी शिकलेला माणूस. मंत्रबिंत्र मला येत नाहीत, पण एवढं कळतं.

हॉस्पिटलात असतानाच हिनं मला सांगून ठेवलं होतं. बोलताना दम लागायचा, तरी सांगितलं.

"माझ्या नवमीला वहिनींना बोलवा."

"कोण वहिनी?"

"कोण म्हणजे? वहिनी."

"त्या येतात होय आपल्याकडे?"

"मी त्यांच्याकडे इतकी वर्षं जेवले. त्यांनी एकदा आपल्या घरी बसून जेवावं. वडे करा. त्यांना वडे आवडतात."

"आधी बरी तर हो. मग बघू वडे."

"एकदा तरी सांगितलेलं ऐका," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर तिनं मला दुसरं काही काम सांगितलं नाही. म्हणजे हे शेवटचं.

वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको नव्हे. बिबवेवाडीत आम्ही नवीन संसार मांडला तेव्हा एकाच गल्लीत भाड्यानं राहायचो, ते आणि आम्ही. त्यांच्या दोन खोल्या, आमची एक. वहिनींचे यजमान एका हापिसात कारकून होते. त्यांच्याकडे सायकल, माझ्याकडे सायकल. त्यांच्या सायकलीला डायनामो होता, एवढाच काय तो फरक. उन्हाळ्यात दोघी गच्चीवर कुरडया घालायच्या आणि कावळे हाकायला मला बसवायच्या. वहिनी आमच्याकडे पिठलं-भाकरी खायला यायच्या, भिंतीला टेकून पाय लांब करून बसायच्या, आणि हिला म्हणायच्या, "मिरची काय फुकट मिळाली काय गं?" असं म्हणून वर आणखी मागून घ्यायच्या.

त्यांना दुसरं मूल झालं तेव्हा ही त्यांच्याकडे पोळ्या लाटून द्यायला लागली. आधी ती मदत होती. मग त्यांनी आग्रहानं पगार ठरवला. आग्रहानंच ठरवला, हे खरं आहे. पण पगार सुरू झाल्यावर ही त्यांच्याकडे टेकून बसायची बंद झाली. बसू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग वहिनींच्या यजमानांनी, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, कात्रजच्या पुढे जागा घेतली. मलाही विचारलं होतं, अर्धी-अर्धी घेऊ म्हणून. माझ्याकडे अर्धीचेही नव्हते. शिवाय तिकडे तेव्हा सापांशिवाय कोण राहत होतं? पण शहरच त्या बाजूला चालत गेलं. जागेचे पैसे आले, मुलगा कॉम्प्युटर शिकला, परदेशी जाऊन परत आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार होती, ती मोडून तिथं टॉवर उभा राहिला, त्यात अकराव्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं. आमची चाळही त्याच सुमाराला पडली. आम्ही टेकडीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत आलो, बाहेरून लोखंडी जिना. तेही वर गेले, आम्हीही वर गेलो. ते लिफ्टनं गेले.

श्रीमंत आणि गरीब यांच्यातलं अंतर वाढतंय असं हल्ली पेपरात येतं. ते कसं मोजतात ते मला माहीत नाही. आमच्यात ते ताटात दिसलं.

नव्या घरात सहा खुर्च्यांचं टेबल आलं. ही पोळ्या झाल्या की तिथंच जेवायची, ती पद्धत जुन्या घरापासूनची. पण आता टेबल होतं आणि टेबलावर काही तिला बसता येईना. मग ती स्वयंपाकघराच्या मागे, जिथं भांडी घासतात तिथं, खाली बसायला लागली. आणि तिचं एक ताट ठरलं. स्टीलचंच, काठाला एका जागी पोचा आलेला, खालच्या फळीवर ठेवलेलं. ते वेगळं कुणी काढलं, कधी काढलं, हे तिलाही सांगता यायचं नाही. जेवून झालं की ते घासून परत खालच्या फळीवर ठेवायचं. बाकीच्या भांड्यांना दुसरी बाई होती. हे ताट मात्र हिनंच घासायचं.

माणसं वाईट नव्हती. दिवाळीला साडी द्यायची, आमच्या लेकीच्या लग्नात साहेब स्वतः येऊन पंगतीला बसले होते. हिला ताप आला तर वहिनी गोळ्या पाठवायच्या. हे मी आधीच सांगतो, उगाच कुणी म्हणायला नको की म्हातारा जळतो.

आणि वर्षातून एक दिवस सगळं फिरायचं. गौरी जेवायच्या दिवशी सवाष्ण म्हणून ही बसायची. पाट, रांगोळी, केळीचं पान. वहिनी स्वतः वाढायच्या, "घे गं, अजून एक घे" करायच्या, आणि जेवण झालं की वाकून पाया पडायच्या. ही घरी येऊन मला सांगायची. दुसऱ्या दिवशी परत खालच्या फळीवरचं ताट.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सूनबाई नोकरीच्या, दिवसभर कानात वायर घालून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत. गौरींचं जेवण बाहेरून यायला लागलं. पहिल्या वर्षी त्यांनी हिच्या हातात तीन पुडांचा डबा दिला. "मावशी, तुमचं सवाष्णीचं ताट यात भरलंय. घरी निवांत जेवा, इथे खूप गेस्ट आहेत." चांगल्या मनानंच म्हणाल्या असतील. पुढे तेच चालू झालं.

ही डबा घेऊन घरी यायची, पाट मांडायची, पान पुसायची, पाटावर बसायची आणि मला म्हणायची, "वाढा."

"देवी, पाणी देऊ?"

"वाढायचं काम करा. बडबड नको."

मी वाढायचो. ती खाली मान घालून जेवायची. डबा घासून दुसऱ्या दिवशी परत न्यायची.

तर यंदा वर्षश्राद्ध झालेलं होतं, त्यामुळे नवमी करायची ठरली. मी लेकीला सांगितलं, आईनं असं असं सांगितलंय. लेक बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. आईवर गेलेली नाही, माझ्यावर गेली आहे.

"आबा, ती बाई येणार नाही."

"तू वडे कर."

"वडे करते. खाणार कोण ते तुम्ही बघा."

सवाष्णीला आदल्या दिवशी कुंकू लावून आवतण द्यायचं असतं. ते बाईनं द्यायचं. लेकीला दुकानातून एकाच दिवसाची सुट्टी, ती स्वयंपाकाला लागणार. म्हणून मीच हिचा कुंकवाचा करंडा खिशात घातला आणि टॉवरवर गेलो.

गेटावर वॉचमन होता, यवतमाळकडचा पोरगेला माणूस. हातात मोबाइल.

"कुठी जाता बावा?"

"अकराव्या मजल्यावर."

"काय काम हाय?"

"आवतण द्यायचंय. जेवायचं."

त्यानं मोबाइलवर बोट वरखाली केलं. "ह्याच्यात आवतणाचं बटन नाही न. डिलिव्हरी हाय, कॅब हाय, पाहुना हाय, कामवाले हाय."

"मग पाहुणा दाब."

त्यानं माझ्या चपलेकडे बघितलं. वाईट नजरेनं नाही, अंदाज घ्यायला. "पाहुना दाबला तं वरून त्यायनं ओयखलं पायजे. फोटो जाते तुमचा. त्यापरीस डिलिव्हरी दाबू का? डिलिव्हरीले कोनी जास्त इचारत नाही."

"दाब."

त्यानं दाबलं. जरा वेळानं मोबाइल वाजला. त्यानं वाचलं.

"काय म्हणतात?"

"म्हनते, गेटवर ठेवून द्या."

"काय ठेवू? आवतण?"

तो हसला. मीही हसलो. मग त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि भिंतीवरच्या फोनवरून वर विचारलं, एक म्हातारे बावा हायत, पोयीवाल्या मावशीचे मालक, पाठवू का. पाठवा म्हणाले.

दार सूनबाईंनी उघडलं. कानात वायर होतीच. मला हातानं थांबा केलं, इंग्रजीत एक वाक्य संपवलं आणि म्हणाल्या, "हां, काका?"

"वहिनी आहेत?"

"कोण?"

"तुमच्या सासूबाई."

"मम्मी, पोळीवाल्या मावशींचे मिस्टर आलेत."

वहिनी काठी टेकत बाहेर आल्या. केस पांढरे झालेत, गुडघे गेलेत. साहेब हयात आहेत, म्हणजे आतल्या खोलीत खाटेवर आहेत, त्यांना बघायला माणूस ठेवलाय. पण हयात आहेत. त्या बसा म्हणाल्या. कोच पांढरा होता, मी उभा राहिलो.

"उद्या नवमी आहे," मी म्हटलं. "हिची. तुम्हाला सवाष्ण म्हणून बोलवायला आलोय."

"मला?"

"हिनं सांगून ठेवलंय."

सूनबाई मध्ये आल्या. "मम्मी, तुमची शुगर बघा ना. आणि त्यांच्याकडे स्टेप्स आहेत, बाहेरून. पडलात तर? काका, प्लीज राग मानू नका हां, पण डॉक्टरांनी बाहेरचं खायला स्ट्रिक्टली नाही सांगितलंय."

"बाहेरचं नाही, घरचं आहे," मी म्हटलं.

"मी येते," वहिनी म्हणाल्या. "किती वाजता येऊ?"

"बाराला."

मी करंडा उघडून पुढे धरला. पुरुषानं कुंकू कसं लावायचं? त्यांनी स्वतःच बोट बुडवून लावलं. थोडं कुंकू नाकावर सांडलं. निघताना सूनबाई म्हणाल्या, "काका, काही हेल्प हवी असेल तर सांगा. आमचा केटरर चांगला आहे."

"सासूबाई तेवढ्या पाठवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लेक उजाडायच्या आत आली. तांदळाची खीर, कढी, लाल भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, पोळ्या, आणि उडदाचे वडे. वडे तिनं हिच्यासारखेच केले, मध्ये भोक पाडून. पत्र्यावर कावळ्याचा घास ठेवला. कावळा लगेच आला. त्याला जिन्याची काही अडचण नव्हती.

मी पाट मांडला. पान पुसून ठेवलं. लेकीनं रांगोळीची एक ओळ काढली, श्राद्धाला काढत नाहीत हे आठवून पुसली, आणि पुसलेली जागा परत ओल्या फडक्यानं पुसली. बारा वाजले. आम्ही दोघं दाराकडे तोंड करून बसलो. एक वाजला.

"आबा."

"काय?"

"काही नाही."

आणखी बऱ्याच वेळानं जिना वाजला. लोखंडी जिना आहे, कुणाचंही पाऊल आधी कळतं. हे काठीचं पाऊल नव्हतं. त्यांचा ड्रायव्हर होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. तोच, तीन पुडांचा.

"मॅडमनी सांगितलंय, आजींचं पान यात भरून द्या. त्या घरी निवांत जेवतील. आणि ही पिशवी तुम्हाला."

लेकीनं पिशवी उघडली. साडी आणि पाकीट. "हे काय? श्राद्धाला आहेर करतात का तुमच्याकडे?"

"ताई, मला जेवढं सांगितलं तेवढं मी—"

"तुम्हाला नाही बोलत मी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भरू नका हं आबा. रिकामा पाठवा परत. आईलाही असाच डबा भरून देत होते."

ते माझ्या लक्षात होतं. डबा मी चांगला ओळखत होतो, त्यातलं मीच वाढत होतो. रिकामा परत पाठवावा असं मलाही वाटलं. पण मग पाटावर कोण बसणार? शेजारपाजारची एखादी सवाष्ण कुणीही आली असती, आमच्या ओळीत चांगल्या बाया आहेत. पण हिनं शेजारीण सांगितली नव्हती. आणि डबा भरून दिला तर तो जाणार फ्रीजमध्ये. संध्याकाळी कोण खाईल, का कुणीच खाणार नाही, मला काय कळणार? इथं आम्ही दोघं उपाशी बसलेलो.

मी उठलो. खीर, कढी, चटणी, भाज्या झाकणाच्या भांड्यांत घातल्या, पोळ्या आणि वडे फडक्यात बांधले, पान गुंडाळलं, ओटीचं सामान घेतलं. पाटही काखेत मारला. डबा रिकामाच ठेवला.

"कुठे निघालात?"

"त्यांच्याकडे. चल."

"मी त्या घरात पाय ठेवणार नाही," लेक म्हणाली. "आणि आईनं आपल्या घरी सांगितलं होतं."

"मला माहितीय."

ड्रायव्हरनं भांडी घ्यायला मदत केली. गाडीपाशी तो जरा अडला. "काका, पुढे बसता का मागे?"

"तुझे साहेब कुठे बसतात?"

"मागे."

"मग मागेच बसतो."

पाट मांडीवर घेऊन मी मागे बसलो. टॉवरच्या गेटावर कुणी काही विचारलं नाही. गाडी दिसली आणि दांडा आपोआप वर गेला. कालचाच वॉचमन होता. त्यानं गाडीला सलाम ठोकला, मग काचेतून मी दिसलो, आणि त्याचा हात तसाच कपाळाशी राहिला.

सूनबाईंनी दार उघडलं. "अहो काका, मी ड्रायव्हरला सांगितलं होतं—"

"डबा आणलाय," मी म्हटलं आणि दिला. "रिकामा आहे. पान इथंच वाढतो. यांनी बसून जेवायला पाहिजे, मी बघायला पाहिजे, त्याशिवाय आमच्या घरात कुणाला जेवता येत नाही. पिशवी ही तुमची. ती आमच्यात चालत नाही."

वहिनी हॉलमध्ये बसल्या होत्या. ठेवणीतलं पातळ नेसून, केसांत गजरा नाही पण अंबाडा घातलेला, मांडीवर पर्स. म्हणजे निघायला तयार होऊन बसल्या होत्या. कधीपासून ते मी विचारलं नाही. मला बघून त्यांनी पर्स बाजूला ठेवली.

"मला खाली बसता येत नाही हो," त्या म्हणाल्या.

"टेबलावर बसा. पाट पायाखाली घ्या."

त्या खुर्चीवर बसल्या. मी पाट खाली सरकवला, त्यांनी त्यावर पाय ठेवले. टेबलावर पान मांडलं, पाणी फिरवलं आणि वाढायला लागलो. डावीकडे मीठ-चटणी, मग भाज्या, कढी, पोळी, वडे. हिला वाढत होतो तसंच. वाढता वाढता माझ्या लक्षात आलं की त्यांना माझ्या घरी बसवायचं होतं, आणि मी त्यांच्या घरात उभा राहून त्यांना वाढतोय. ही इथं वाढायची, आता मी वाढतोय. वड्यांचं फडकं हातात होतं, परत काय नेणार? वाढले.

त्यांनी एक वडा कढीत बुडवून खाल्ला. "वडे कुणी केले?"

"लेकीनं. तुम्हाला आवडतात म्हणून हिनं सांगून ठेवलं होतं."

त्या थांबल्या. मग पानाकडे बघत म्हणाल्या, "मी तिला बघायला आले नाही."

"नाही आलात."

"यायचं होतं. रोज ठरवायचे."

"ती विचारायची."

"काय विचारायची?"

"मला झोप लागली होती तेव्हा वहिनी येऊन गेल्या का, असं."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"नाही आल्या म्हणून सांगायचो. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी खीर वाढली. रडणाऱ्या माणसाला काय करायचं असतं ते ही असती तर तिनं केलं असतं. मला वाढता येतं, ते मी केलं. जरा वेळानं त्यांनी खीर खाल्ली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही बसा. मला असं एकटीला जेववत नाही."

"तुमचं होऊ द्या."

"बसा म्हणते ना. एके काळी आपण काय वेगळे बसत होतो?" आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अगं, एक ताट दे गं यांना."

सूनबाई गेल्या आणि ताट घेऊन आल्या. माझ्यासमोर ठेवलं. स्टीलचं, काठाला पोचा. मी ते कधी बघितलं नव्हतं, पण ओळखलं. आता ते नव्या पोळीवालीचं असणार.

वहिनींनीही बघितलं. "हे नको," त्या म्हणाल्या. "वरचं दे."

"का? धुतलेलंच आहे, मम्मी." सूनबाईंना खरंच कळलं नव्हतं. कामाच्या माणसाला ताट म्हटल्यावर हात खालच्या फळीकडेच गेला, त्यात त्यांचा विचार काही नव्हता.

"वरचं दे म्हटलं ना!" वहिनींचा आवाज चढला.

"राहू दे," मी म्हटलं. "हेच राहू दे."

मी खुर्ची ओढली. जड होती, पायांचा आवाज झाला. वहिनींच्या समोर बसलो. त्यांची तीन बोटं खिरीनं माखलेली होती, ती पुसून घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात पोळी वाढली, भाजी वाढली, दोन वडे वाढले. टेबलाची उंची मला सवयीची नाही, कोपर कुठं ठेवायचं कळेना. पण बसून जेवलो. पोटभर जेवलो. साहेबांच्या खोलीतून टीव्हीचा आवाज येत होता.

मग ओटी. ती मला भरता येणार नव्हती. नारळ आणि खण मी सूनबाईंच्या हातात दिला. त्यांनी कानातली वायर काढली, नारळ उलटसुलट केला. "मम्मी, शेंडी तुमच्याकडे की माझ्याकडे?" वहिनींनी सांगितलं तशी भरली. वाकून नमस्कारही केला, न सांगता.

मी उठलो. हात धुतले. भांडी गोळा केली, पाट उचलला. वहिनी काठी घेऊन दारापर्यंत आल्या. ताट मी टेबलावरच ठेवलं, उष्टं, होतं तिथं. घासलं नाही. खालच्या फळीवरही ठेवलं नाही.

परत येताना गाडी नको म्हटलं, चढ चढून चालत आलो. लेक दारात पायरीवर बसली होती. सकाळपासून पाण्यावर. तोंड उतरलेलं, पण राग तसाच.

"आईनं आपल्या घरी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या घरी जाऊन वाढून आलात."

तिचं बरोबर होतं. मी काखेतला पाट खाली ठेवला. हिनं सांगितलेलं मी पुरतं ऐकलं का नाही, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि आता विचारायला ती नाही.

मग लेकच म्हणाली, "पण जेवल्या का?"

"जेवल्या."

"माझ्यासमोर खोटं नको हं आबा."

"मी खोटं कधी बोललो? खीर दोनदा घेतली. वडे तीन."

"बसून?"

"बसून. मीही बसलो. टेबलावर."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग उठून आत गेली आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं.